शिवणबाईंचा अभिप्राय

मीटरवाल्यांचं ठाम मत होतं की, ज्या हॉलमध्ये माणूस जेवला त्याच हॉलमध्ये त्याचा अभिप्राय घेऊ नये. पोटात गरम अन्न, हातात मंडळाचंच पेन, आणि समोर आदल्या दिवसापासून राबून डोळे सुजलेला कार्यकर्ता उभा. अशा वेळी माणूस 'उत्तम' सोडून दुसरं लिहिणार तरी काय? फारच कडक स्वभावाचा असला तर 'पंख्याचा आवाज येत होता' एवढं लिहील. असल्या 'उत्तम'चे गठ्ठे मंडळाच्या कपाटात धूळ खात पडले होते, आणि त्यांतून आजवर कुणाला काडीचंही काही कळलं नव्हतं.

म्हणून ते घरी जायचे. परिषद होऊन लोकांच्या अंगातला उत्साह ओसरला की, हे एकेका घराचा जिना चढायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: "त्या दिवशी घरी परत येऊन दार उघडलंत, तेव्हा काय वाटलं?" वक्ता कसा होता, खुर्च्या कशा होत्या, हे सगळं त्या उत्तरात आपसूक येतं असा त्यांचा अनुभव होता. कंडक्टर, म्हणजे बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला आणि थोरल्या भावाचं सगळं अंथरुणातच करणारा गडी, एकदा म्हणाला होता, "दार उघडलं आणि वाटलं, परत लावून घ्यावं." कचेरीत टायपिंग करणारी एक मुलगी म्हणाली होती, "आई निपचित पडली होती. वाटलं, गेली. मग छाती हलताना दिसली. खरं सांगू काका? दोन्ही वेळेला मला हायसंच वाटलं." ही उत्तरं ते कुणाचंही नाव न घेता मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवायचे. ती ऐकताना कुणी कुणाकडे बघायचं नाही.

मीटरवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. जन्मभर पाणीखात्यात नोकरी केली. जिन्याखाली, मोरीमागे, कुत्र्यांच्या तोंडासमोर वाकून लोकांच्या नळाचे आकडे वाचले. निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची स्वतःची बायकोसुद्धा लाडात आली की 'अहो मीटरवाले' म्हणायची. मग तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं म्हटलं तरी चालेल. एखादा शब्द सुटा सुटा यायचा, तोही तिला हवा तोच येईल याची खात्री नाही. तेव्हापासून तिला उठवणं, पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. रडून मोकळं होण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते मंडळात जाऊ लागले.

मंडळ कसलं, तर घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणाऱ्यांचं. अध्यक्ष डॉक्टरीणबाई. वर्षातून एकदा मेळावा व्हायचा, त्याला 'परिषद' म्हणायचं हे त्यांनीच ठरवलं. मेळावा म्हटलं की लोक उशिरा येतात, असं त्या म्हणत. पगारी माणूस एकही नाही, सगळा कारभार हौसेने चालायचा. पण मुळातच एक गोची होती. ज्यांच्यासाठी परिषद भरवायची त्यांनाच घर सोडून येता येत नाही! त्यावर मंडळाने तोड काढली होती ती सोबतीची. त्या दिवशी प्रत्येक घरी एकेक कार्यकर्ता आजारी माणसाजवळ जाऊन बसायचा, म्हणजे सांभाळणारा सुटा. हॉलच्या दारात सगळ्यांचे फोन बंद करून एका टोपलीत ठेवून घ्यायचे, कारण फोन हातात असला की ही माणसं भाषण ऐकत नाहीत, फोन ऐकतात. चालू राहायचा तो एकच फोन, आणि तो असायचा दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या मीटरवाल्यांकडे. कुठल्या घरी काही कमीजास्त झालंच, तर सोबतीचा माणूस त्यांना कळवणार आणि ते आत जाऊन ज्याचं त्याला सांगणार. बारीकसारीक फोन यायचे. गोळी कुठल्या डब्यात आहे, खिडकी लावू की उघडी ठेवू. तेवढ्यासाठी ते कुणाला उठवत नसत, आपल्याच अंदाजाने उत्तर देऊन टाकत.

शिवणबाई परिषदेला कधीच येत नसत. घरी मशीन टाकून लोकांचे कपडे शिवणारी ही बाई, आणि आतल्या खाटेवर तिची थोरली बहीण. आईबाप लवकर गेलेले. थोरलीने धाकटीला वाढवलं, आणि थोरली पडली तेव्हा धाकटीने तिला धरलं. या देवाणघेवाणीत दोघींचंही लग्न राहून गेलं. "ताई माझ्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही," हे शिवणबाईंचं ठरलेलं उत्तर. मीटरवाले दरवर्षी विचारायला जायचे आणि दरवर्षी एखादी सुटलेली गुंडी लावून घेऊन परत यायचे. या वर्षी मात्र त्यांनी हेका धरला. सोबतीला बेकरीवालीला पाठवतो म्हणाले. ही बेकरीत कामाला असलेली चुणचुणीत मुलगी, आपल्या सुट्टीचे दिवस मंडळाला द्यायची आणि तिचा हात मोठा मायेचा होता. "एक दिवस हो, शिवणबाई," मीटरवाले म्हणाले. "तुमची ताई काय कुठे पळून जातेय?" आतून ताईच हसल्यासारखं काहीतरी बोलली. शिवणबाई कबूल झाल्या.

आल्या त्या स्वतः शिवलेला नवा कोरा पोशाख घालून, आणि बसल्या दाराशेजारच्या शेवटच्या खुर्चीवर. घटकेघटकेला मान बाहेर काढून विचारायच्या, "फोन आला?" मीटरवाले हात हलवायचे. सकाळच्या भाषणात पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं ते सांगत होते. शिवणबाईंना ते सगळं वक्त्यापेक्षा जास्त येत होतं, त्यांचा अर्धा जीव घरीच होता. मग सिस्टर उभ्या राहिल्या. या निवृत्त नर्स, अंगाने आडव्या, आणि नकला करण्यात अशा तरबेज की बघत राहावं. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या पाहुण्यांच्या नकला त्यांनी सुरू केल्या. एकजण येतो आणि नेमका पेशंटच्या पायावर बसतो. दुसरी येते आणि 'अगदी हेच आमच्या नणंदेला झालं होतं' म्हणून सुरुवात करते ती नणंदेच्या दहाव्यापर्यंत नेऊन पोचवते. तिसरा सांभाळणारीलाच विचारतो, 'दिवसभर घरी कंटाळा नाही का येत तुम्हाला?'

शिवणबाईंनी आधी तोंडावर हात धरला. मग तो हात सुटला. ही बारीक चणीची, खालच्या आवाजात बोलणारी बाई अशी काही हसायला लागली की पुढच्या रांगा मागे वळल्या. मोठ्याने, श्वास अडकेपर्यंत, मांडीवर थापा मारत, 'अगं बाई, अगं बाई' करत. तिचं हसणं ऐकून बाकीचे हसायला लागले, त्यांना बघून सिस्टरना चेव आला, आणि सगळा हॉल पोट धरून बसला.

तेवढ्यात मीटरवाल्यांच्या हातातला फोन वाजला.

"काका, त्या गेल्या," बेकरीवाली म्हणाली. "आत्ता, आत्ता माझ्यासमोर. पाणी पाजत होते, घोट गिळला, माझ्याकडे बघितलं आणि... शेजारच्या डॉक्टरांना बोलावलंय. त्यांनी बघितलं. नाहीत म्हणाले. बाईंना पाठवा."

"पाठवतो," ते म्हणाले आणि उठून दारात आले. शिवणबाई हातभर अंतरावर होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं त्यांना. मीटरवाल्यांनी हात पुढे केला होता, खांद्याला लावायचाच काय तो बाकी होता. आणि त्यांच्या मनात आलं, आता काय करायचं राहिलंय तिथे? जाणारी गेली. ना औषध, ना डॉक्टर. हिने आता पळत जाऊन काय होणार? त्यापेक्षा एवढं हसून घेऊ दे. या खांद्याला हात लागला की हे हसणं संपलं, आणि पुन्हा कधी यायचं कोण जाणे. त्यांनी हात मागे घेतला. हा विचार दुसऱ्या कुणाला सुचला नसता. बँकेतला शिपाई, शाळेतला मास्तर, कुणीही असता तर धावत जाऊन सांगून मोकळा झाला असता. वर्षानुवर्षं आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसालाच अशी दया येते.

नकला संपल्या तर जेवण लागलं. गरम जेवण, तेही दुसऱ्याने वाढलेलं. जेवू दे, ते म्हणाले मनाशी. शिवणबाईंनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. ताटावरून उठून, हात धुऊन, त्या हसऱ्या तोंडानेच बाहेर आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "फोन आला?"

"हो," मीटरवाले म्हणाले. "आत्ताच."

हे 'आत्ताच' त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांचं त्यांना कळलं नाही. निघालं एवढं खरं. डॉक्टरीणबाई आपल्या गाडीतून शिवणबाईंना घेऊन गेल्या. मागे हॉलमध्ये दुपारचं सत्र सुरू झालं.

त्यानंतर ते हसणं मीटरवाल्यांच्या मागे लागलं.

दाढी करताना ते कानाशी यायचं. बायकोला कुशीवर वळवताना खाट करकरली की त्या करकरण्यातून यायचं. जिन्यात कुणी पोरंसोरं खिदळली की त्यांचं धाबं दणाणायचं. आधी वाटलं, चार दिवसांत जाईल. गेलं नाही. शिवणबाईंच्या गल्लीवरून भाजीला जायचा रस्ता होता, तो त्यांनी सोडला आणि लांबचा वळसा धरला. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. आणि इथे तर ज्या बाईचं हसणं पाठलाग करत होतं ती चांगली जिवंत होती, गल्लीपलीकडे मशीनवर बसलेली होती. यापेक्षा भूत परवडलं असतं, असं त्यांना वाटे.

आणि अभिप्राय तर गोळा करायचेच होते. हॉलमध्ये भरून घेतलेल्या कागदांत सिस्टरांच्या नकलांना सगळ्यांत वरचा क्रमांक मिळाला होता, डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. मीटरवाले नेहमीसारखे घरोघर निघाले, तर ज्या त्या घरात शिवणबाईंचं हसणं त्यांच्या आधीच जाऊन बसलेलं! "दार उघडलं ना काका, तेव्हा मी अजून हसतच होते," टायपिस्ट मुलगी म्हणाली. "त्या बाई काय हसत होत्या! मला त्यांच्याचमुळे हसू आलं. आणि इकडे बिचारीच्या घरी..." कंडक्टर म्हणाला, "भावाला मी त्यांचं हसणं करून दाखवलं. तोही हसला. मग बातमी कळली तेव्हा जीभ चावली." आणि त्याने ते पुन्हा करून दाखवलं, 'अगं बाई, अगं बाई' करून. मीटरवाल्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

एकच घर राहिलं. आज जातो, उद्या जातो करत त्यांनी ते मागे ढकललं. शेवटी एका सकाळी बायकोला भरवता भरवता त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. तिला सांगणं सोपं होतं, ती कुणाला सांगू शकत नव्हती. ती ऐकत राहिली. घास तोंडात तसाच धरून, चांगला डोळा त्यांच्यावर रोखून. मग तिने घास गिळला, ओठ दोन-तीनदा हलवून पाहिले आणि तिला हवा तो शब्द त्या दिवशी बरोबर आला.

"जा," ती म्हणाली.

शिवणबाईंच्या घराचं दार उघडंच होतं. मशीन खिडकीशी, तिच्याभोवती चिंध्या, भिंतीला गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे टांगलेले. आतल्या खोलीतली खाट बाहेर आली होती. गादी नव्हती. उघड्या फळ्यांवर कापड पसरलेलं होतं आणि शिवणबाई वाकून त्यावर खडूने खुणा करत होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "बघताय काय असे? कापायला एवढी मोठी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. ताई असती तर म्हणाली असती, मेले एकदाची म्हणून हिचं दुकान वाढलं." त्यांनी खडू ठेवला. "बसा. अभिप्राय घ्यायला आलात ना? सगळ्यांचे घेऊन झाले म्हणे. मी म्हटलं, मला वगळलं वाटतं."

"वगळेन कसा?"

"विचारा मग."

मीटरवाल्यांना तो प्रश्न विचारवेना. दार उघडलं तेव्हा काय वाटलं, हे या बाईला कुठल्या तोंडाने विचारायचं? पण शिवणबाईंना प्रश्न माहीत होता. साऱ्या मंडळाला माहीत होता. त्या आपणहूनच बोलायला लागल्या.

"दार उघडलं आणि पहिलं काय वाटलं सांगू? राग आला. त्या बेकरीवाल्या पोरीचा. तुम्ही म्हणालात, आत्ताच फोन आला. मी घरी आले, ताईचा हात धरला, तर तो गार. नुसता गार नाही हो, पार निवलेला. मला गार हात कळतो, काका. रोज सकाळी तिचे हात चोळून मीच गरम करत होते. शेजारचे डॉक्टर निघून गेले होते, पोर नुसती रडत होती, धड काही सांगेना. ताई केव्हाची गेली असणार, आणि या पोरीला पत्ता नाही! बसली असेल फोनमध्ये डोकं घालून. माझी ताई एकटी पडून राहिली आणि शेजारी माणूस बसलेलं होतं, याला सोबत म्हणायचं?" त्यांचा खालचा आवाज चढला होता. "हे लिहा. माझ्या नावानिशी लिहा. त्या पोरीला पुन्हा कुणाच्या घरी पाठवू नका."

मीटरवाले खोटं बोलायचं ठरवून आले नव्हते, आणि खरं बोलायचं ठरवूनही आले नव्हते. 'जा' म्हटलं म्हणून आले होते. पण बेकरीवालीवर आळ आला आणि त्यांची पळवाटच बंद झाली.

"पोरीची चूक नाही," ते म्हणाले. "ताईंनी तिच्या हातचं पाणी घेतलं, तिच्याकडे बघितलं आणि गेल्या. त्याच घडीला तिने फोन केला. तुम्ही हसत होतात. सिस्टरांच्या नकला चालू होत्या. मी तुमच्या मागे येऊन उभा राहिलो आणि... मला सांगवलं नाही. म्हटलं, हसू दे. मग जेवण लागलं. म्हटलं, जेवू दे."

शिवणबाई उभ्याच होत्या. हाताला लागलेला खडू त्या अंगठ्याने पुसत राहिल्या. मीटरवाल्यांना वाटलं, आता ओरडतील, हाकलून देतील. ते चाललं असतं. खरं तर तेच हवं होतं त्यांना.

"म्हणजे मी भात मागून घेतला तेव्हा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मेल्यावर लगेच नाही हो माणूस गार होत," शिवणबाई सावकाश म्हणाल्या, एखाद्या लहान मुलाला समजावतात तशा. "ऊब राहते थोडा वेळ. तुम्हाला कसं ठाऊक असणार, तुमच्या घरचं माणूस आहे अजून. मी लगेच निघाले असते तर मला तिचा हात गरम मिळाला असता. तेवढंच. दुसरं काही नाही मिळालं असतं, तुमचं बरोबर आहे. तेवढंच मिळालं असतं."

मीटरवाल्यांच्या डोळ्यांना धार लागली. ते काहीतरी बोलले, माफी की काय, ते धड शब्दही नव्हते. शिवणबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईचा हात, तो आपोआपच पेला पुढे करतो.

"मी बैठकीत सांगतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो, माझी चूक झाली म्हणून."

"अजिबात नाही." आता मात्र त्यांचा आवाज धारदार झाला. "तुम्ही सांगाल आणि मोकळे व्हाल. मग ते सगळे इथे येतील. 'बरं झालं गं, तेवढं हसून घेतलंस. ताईलाही बरंच वाटलं असेल.' एकामागून एक येतील आणि या फळीवर बसतील. मला नको ते. लिहा तुमच्या कागदावर: हसण्याचा कार्यक्रम चांगला होता. एवढंच माझ्या नावाने वाचायचं. त्या पोरीचं काही लिहू नका."

त्यांनी लिहिलं. शिवणबाईंनी वाकून ते वाचून पाहिलं आणि पुन्हा खडू हातात घेतला.

मूल्यमापनाची बैठक डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंटांच्या बाकांवर बसून झाली. सिस्टर होत्या, कंडक्टर होता, टायपिस्ट मुलगी होती, आणि कोपऱ्यात पावांची पिशवी मांडीवर घेऊन बेकरीवाली. बेरजा वाचून झाल्या. नकलांचा कार्यक्रम पुढच्या वर्षी आणखी लांबवायचा यावर एकमत झालं. मीटरवाल्यांनी घरोघरची उत्तरं वाचली. शेवटी वाचलं, "शिवणबाई: हसण्याचा कार्यक्रम चांगला होता." सगळ्यांनी च्च् च्च् केलं. किती मोठ्या मनाची बाई, असं कुणीतरी म्हणालं.

"एक गोष्ट मात्र मला बोलायला हवी," डॉक्टरीणबाई चष्मा काढत म्हणाल्या. "मी त्यांच्याबरोबर घरी गेले होते. फोन आत्ताच आला म्हणून आम्ही निघालो, आणि तिथे हातपाय पार गार. सोबतीला बसणाऱ्याचं लक्ष असायला नको का? मी कुणाला दोष देत नाही."

न देता तो दिला गेला होता. सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. बेकरीवालीने मीटरवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं देव जाणे, पण त्या एका नजरेत तिला सगळा उलगडा झाला. आणि ती पोर, दुसऱ्याचं दुखणं उचलायची सवय लागलेली, खाली बघून म्हणाली, "माझंच चुकलं. मला उशिरा कळलं. मी उशिरा फोन केला."

मीटरवाल्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. शिवणबाईंनी बजावलेलं त्यांना आठवत होतं, पण ही पोर त्यांच्यासाठी खोटं बोलून बसली होती. ते उठले.

"तिने वेळेवर केला फोन. मीच सांगितलं नाही. शिवणबाई हसत होत्या, म्हणून थांबलो. जेवण होईपर्यंत थांबलो."

त्यांनी मान वर केली. काही ऐकून घ्यावं लागलं तर बरं, अशा तयारीने ते उभे होते.

"काका," टायपिस्ट मुलगी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते. "किती चांगलं केलंत हो तुम्ही."

"माणूस म्हणजे असा पाहिजे," कंडक्टर म्हणाला. "अरे, दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का?" सिस्टर उठून आल्या आणि त्यांनी मीटरवाल्यांचे दोन्ही हात धरले. माझ्या आयुष्यात माझ्या नकलांना यापेक्षा मोठी दाद मिळाली नाही, म्हणाल्या. बेकरीवालीसुद्धा रडत रडत हसत होती. "उद्याच आपण सगळे शिवणबाईंना भेटून येऊ," असं कुणीतरी सुचवलं. मीटरवाले म्हणाले, जाऊ नका. पण त्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. त्या लिहायला लागल्या की मंडळात ते कायमचं होत असे. "हे आपण ठरवूनच टाकू," त्या म्हणाल्या. "शेवटची बातमी असेल, करण्यासारखं काही उरलं नसेल, तर जेवण होईपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. शिवणबाईंचा अभिप्राय तर समोर आहेच. सगळ्यांना मान्य?"

एकेक हात वर गेला. भावाला पुसणारा हात, आईला भरवणारा हात. एकही खाली राहिला नाही.

"असं करू नका," मीटरवाले म्हणाले. "निदान माझ्या घरून तसा फोन आला तर मला लगेच सांगा. मी हसत असलो तरी सांगा."

"अहो काका," डॉक्टरीणबाई मायेने म्हणाल्या, "फोन तुमच्याच हातात असणार ना!"

त्यावर सगळे हसले.